खुंट्यापासून काठापर्यंत

मेलेल्या देवमाशाला बोट बांधायची नसते, हे आता मला कुणीही उठून शिकवतं. बंदरावरचा चहावाला शिकवतो, ज्याला पावलं भिजली तरी सर्दी होते. शेजारच्या काकू शिकवतात, त्यांनी आयुष्यात बोट फक्त कॅलेंडरवर पाहिली आहे. सगळ्यांचं मी ऐकून घेते. खोटं कशाला बोलू, ऐकून घेत नाही, तिथल्या तिथे दोन शब्द सुनावते आणि मग घरी येऊन डोकं धरून बसते.

आम्ही बांधत आलो आहोत. आमचे वडील बांधायचे, त्यांच्यानंतर दादा बांधायचा. देवमासा मेला की फुगतो आणि पाण्यावर तरंगत राहतो, आणि मग त्याच्यावर शार्क येतात. जिवंत देवमासा बघायला आलेल्या माणसाला हे दाखवलं की तो जन्मभर सांगत सुटतो. पण इंजिन चालू ठेवलं तर शार्क बुजतात आणि बंद केलं तर वारा बोट भलतीकडेच नेतो. म्हणून त्याच्या शेपटाला दोर टाकायचा. मग वारा दोघांना एकाच चालीनं नेतो आणि सगळं डोळ्यासमोर राहतं.

फक्त बांधणं म्हणजे गाठ मारणं नव्हे. डेकच्या मागच्या भागात मधोमध लोखंडी खुंटा आहे, त्याला दोराचे वेढे द्यायचे आणि मोकळं टोक एका माणसाच्या हातात ठेवायचं. त्या माणसानं उठायचं नाही, चहा प्यायचा नाही, मासा बघायचा नाही. काही वेडंवाकडं झालं की त्यानं हात सोडायचा आणि दोर आपोआप सुटून जातो. वडील सांगायचे, ज्याच्या हाती दोर त्याच्या हाती बोट. वडील गेल्यावर तो माणूस म्हणजे मास्तर, माझा नवरा.

मास्तर खरोखरचेच मास्तर होते, शाळेत भूगोल शिकवायचे. माझ्याशी लग्न केलं आणि काही वर्षांनी शाळा सोडून आमच्या बोटीवर आले. माइकवर लोकांना माहिती सांगतात आणि उरलेला वेळ दोर, जाकिटं, उलट्या करणारी माणसं, सगळं बघतात. आवाज कधी चढत नाही. दादा वर सुकाणूवर. मी खाली इंजिनात. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की वेणी दादाच घालायचा, आणि वाईट घालायचा. इंजिन खोलायला त्यानंच शिकवलं. माझं डोकं जरा काही झालं की भडकतं म्हणून मला तो ठिणगी म्हणतो. नाव कुणी विचारलं तर मलाही आठवावं लागतं.

गेल्या हंगामात या दोघांचं बिनसलं. एक देवमाशीण पिल्लाला घेऊन चालली होती आणि दादानं लोकांना जवळून दिसावं म्हणून बोट दोघांच्या मधे घातली. मास्तर माइक ठेवून वर गेले, नको म्हणाले, दादानं ऐकलं नाही. पिल्लाच्या पाठीला बोटीचा तळ घासला, आईनं शेपूट आपटलं, आमचा अख्खा कठडा मोडला. मास्तरांनी घरी येऊन हात धुतले, जेवले आणि दुसऱ्या दिवशी बंदराच्या कचेरीत जाऊन मेहुण्याची तक्रार केली. दादाचा परवाना हंगामभर बंद. मला विचारलं असतं तर मी मास्तरांना कोंडून ठेवलं असतं. आणि पिल्लू दिसत असूनही बोट मधे घातली म्हणून दादालाही झोडपलं असतं, ते मी केलंच, पण नंतर.

तेव्हापासून दोघांत अबोला. परवाना परत मिळाला, बोट सुरू झाली, पण वर आणि खाली बोलणं माझ्यामार्फत. त्याला सांग वारा बदलला. त्यांना सांग मला दिसतंय. मी बोटीवरचा टेलिफोन झाले होते.

त्या सकाळी माणसं चढायच्या आधी दादा इंजिनच्या खोलीत आला. कधी येत नाही, त्याला वरून ओरडायची सवय. हत्यारांच्या पेटीवर बसला आणि बराच वेळ तेल पुसायच्या फडक्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "आजचा दिवस झाला की बस्स. उद्या तुझा नवरा बोटीवर चढला तर मी उतरतो. तो की मी, ते तू ठरव. संध्याकाळी सांग."

मी पाना आपटला. म्हटलं, मी काय बाजारात आले आहे का, हे घेऊ की ते घेऊ. त्याला म्हटलं, तू तक्रारीच्या लायकीचं वागलास म्हणून तक्रार झाली. तो चिडला नाही. तेच वाईट होतं. दादा ओरडला की दहा मिनिटांत निवळतो, पण हळू बोलला की ते दगडावर कोरलेलं. जाताना एवढंच म्हणाला की त्या माणसाकडे पाठ करून त्याला आता सुकाणू धरवत नाही.

मास्तरांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिथंच जाकीट काढून, घडी करून, निमूट घरी गेले असते आणि वर माझीच समजूत घातली असती की दादाचंही बरोबर आहे. त्या विचारानंच माझं पित्त खवळलं. आणि दादाशिवाय ती बोट म्हणजे काय हेही मला कळत नव्हतं. मी खाली इंजिनशी बोलत बसले. इंजिन ऐकून घेतं, मधे बोलत नाही.

दिवस मेला कोरडाच निघाला. सकाळभर हिंडलो. डॉल्फिनचा एक कळप आला, बोटीपुढे जरा उड्या मारून कंटाळून निघून गेला. एक कासव दिसलं. लांबवर एकदा देवमाशाचा फवारा उडाला, पण आम्ही पोचेपर्यंत तो कुठच्या कुठे. लोकांची कुरकूर सुरू झाली. एकानं मास्तरांना विचारलं की दुपारी तरी मासे कामावर येतात का. मास्तर हसले. एक निळ्या टोपीची म्हातारी बाई तेवढी खूश होती. दुर्बीण डोळ्यांवरून हलवत नव्हती आणि मास्तरांना प्रश्न विचारून विचारून तिनं भंडावून सोडलं होतं. मास्तरांना असा विद्यार्थी मिळाला की ते जेवण विसरतात.

तेवढ्यात वायरलेसवर एका मच्छीमार बोटीनं सांगितलं की बाहेर खोल पाण्यात मेलेला देवमासा तरंगतोय आणि त्याच्याभोवती शार्कची जत्रा भरली आहे. दादानं बोट वळवली.

आधी वास आला. मग पक्ष्यांचा आरडाओरडा. मग तो दिसला. पोट वर करून पडलेला, टम्म फुगलेला, आमच्या बोटीपेक्षा लांब. शेपटाला आधीच कुणीतरी जाड दोर अडकवून तोडलेला होता, बहुतेक किनाऱ्यापासून ओढून आणताना. आणि पाण्यात ते. एक आडवा आला, जबडा पोटावर बसवला आणि सगळं अंग असं झटकलं की बादलीएवढा लचका सुटला. पाणी लाल झालं, मग तपकिरी. दुसरा त्या लचक्यावर धावला, पहिल्यानं त्याच्याच कल्ल्याजवळ दात घातले. सकाळपासून कुरकुरणारा तो माणूस खाली बसला आणि ओकला.

दादानं मागचा कठडा उघडायला लावला, फोटोला मधे काही नको म्हणून. मग स्वतः खाली उतरला, आकडीनं शेपटाचा दोर ओढला, त्यात आपला दोर अडकवला आणि खुंट्याकडे आणला. मास्तर आपल्या जागी जाऊन बसले होते. हात पुढे केला. दादानं त्या हाताकडे पाहिलं आणि खाली वाकून दोराला गाठ मारली. एक नाही, एकावर एक.

मास्तरांनी मला हाक मारली. म्हणाले, दादाला सांग, गाठ नको, टोक माझ्या हातात दे. मी म्हटलं, दादा, गाठ सोड. तो म्हणाला, "ज्यानं माझा गळा धरला त्याच्या हातात मी माझी बोट देत नाही." मी म्हटलं, मग टोक माझ्या हातात दे. तो म्हणाला, तुला इंजिन आहे. आणि शिडी चढून वर गेला. मी त्याच्यामागे ओरडले, वडिलांचं नाव काढलं, जे काढायचं नसतं तेही काढलं. लोक ऐकत होते म्हणून मास्तरांनीच मला थांबवलं. म्हणाले, जाऊ दे, थोड्याच वेळाचा प्रश्न आहे. त्यांनी ती गाठ सोडवून पाहायला हवी होती असं आता चहावाला म्हणतो. तोवर दोर ताणला गेला होता. ताणलेल्या दोराची गाठ बोटांनी सुटत नाही.

इंजिन बंद. बोट आणि मासा बरोबर वाहायला लागले. लोक मागच्या बाजूला गोळा झाले. मास्तरांनी माइक घेतला आणि शांतपणे सांगायला लागले की हा शेवट नाही, याच्यावर किती जीव जगतात. खाली एक भला मोठा शार्क आला, इतरांना ढुशी मारून बाजूला केलं आणि पोटाच्या मऊ भागात डोकं घातलं, कल्ल्यांपर्यंत. डोकं बाहेर काढलं तेव्हा आतड्यांचा लोळ त्याच्याबरोबर बाहेर आला. बाकीचे त्या लोळावर तुटून पडले. ओढाताणीत मासाच गरकन फिरला, त्याचा पंख बोटीच्या कडेवर आपटला आणि आम्ही सगळे हललो.

मग तो फुस्स असा आवाज आला. लोकांना वाटलं टायर फुटलं. पोटातला वायू सुटला होता, आणि अशी दुर्गंधी आली की डोळ्यांत पाणी आलं. मला काय झालंय ते कळलं. दादालाही कळलं असणार. वायूवरच तो तरंगत होता. आता तो दगड झाला.

तो बुडायला लागला आणि शेपटामागून आमची बोट. दोर सरळ खाली गेला, मागचा काठ खाली बसला आणि उघड्या कठड्यातून पाणी आत आलं. मास्तरांनी माइक टाकला आणि लोकांना पुढे ढकलायला सुरुवात केली. वरून दादा ओरडला, इंजिन चालू कर. मी चालू केलं. त्यानं पुढचा जोर दिला. त्याला वाटलं दोर तुटेल. दोर नवा होता, मीच आणला होता. बोट पुढे खेचायला लागली तसा काठ आणखी खाली गेला, पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

मास्तर खुंट्याशी गाठीत लोखंडी पहार घालून झगडत होते आणि वर बघून ओरडत होते, "इंजिन बंद करा, तुम्ही बोट बुडवताय." थेट दादाला. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य. दादा शिडीवरून उतरला नाही, पडलाच, आणि येऊन मास्तरांच्या तोंडावर ठोसा मारला. म्हणाला, माझ्या बोटीवर मला शिकवतो. मास्तर, ज्यांनी शाळेत पोरांना छडीसुद्धा मारली नव्हती, त्यांनी दादाच्या नाकावर डोकं हाणलं. दोघं पाण्यात पडले. रक्ताळलेल्या तोंडांनी एकमेकांना आईवरून शिव्या देत होते, एकमेकांचा गळा धरत होते, आणि त्यांच्यामागे उघड्या काठावर शार्कचा पंख फिरत होता. वर्षभर साठलेलं सगळं त्यांनी तेव्हा काढलं, बोट बुडत असताना. पुरुषांना वेळ कळत नाही.

मी पाना घेऊन दादाच्या पाठीत घातला. जोरात घातला. तो मास्तरांवरून बाजूला पडला. म्हटलं, गाठ बघ, आणि मी इंजिन बंद करायला खाली पळाले.

खाली पाणी शिरलं होतं. इंजिन बंद केलं, दाराजवळची आगीसाठी ठेवलेली कुऱ्हाड काढली आणि वर आले. एवढ्यात सगळं बदललं होतं.

दादा खुंट्याशी होता. पहारीनं गाठ उचकटायला गेला, पहार निसटली आणि दोराचा वेढा सरकून त्याच्या डाव्या हाताची बोटं खुंट्यात अडकली. तो किंचाळत नव्हता. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. त्याला तिथून हलता येत नव्हतं. आणि पलीकडे, खुंट्यापासून काठापर्यंतच्या उतारावर, मास्तर पालथे पडले होते. एक पाय कठड्याच्या खांबाला अडकवलेला, दोन्ही हात काठाबाहेर. दोर त्यांच्या डोक्याला घासून खाली जात होता. ते काय धरून पडलेत हे मला दिसलं नाही.

ताणलेला दोर तुटला की काय करतो हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. जिथे तुटतो तिथून दोन्हीकडे उडतो आणि वाटेत येईल ते फोडतो. खुंट्यापाशी तोडला तर सगळी लांबी मागे उडणार, काठावरून, मास्तरांच्या डोक्यावरून. काठापाशी तोडला तर सगळी लांबी उलटी येणार, खुंट्यावर, दादावर. सकाळी त्यानं मला विचारलं होतं, तो की मी. संध्याकाळपर्यंत वेळ दिला होता.

मी खुंट्यापाशी उभी होते. इंजिनच्या खोलीची शिडी तिथेच संपते, तिथेच मी वर आले. दोर माझ्या हाताशी होता. कुऱ्हाड उचलली. दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं आता सुटका. त्यानं मान हलवली, हो, मार. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नाकातून रक्त गळत होतं, मास्तरांनीच फोडलेलं. मग मी उताराकडे पाहिलं. मास्तरांच्या मानेवरचे केस ओले होऊन चिकटले होते. बाकी काही मी पाहिलं नाही.

मी कुऱ्हाड खाली घेतली आणि उतारावर गेले. मागून दादानं हाक मारली, "ठिणगे." मी वळले नाही. पाणी मांडीपर्यंत आलं. एक शार्क काठाला घासून गेला, त्याच्या कातडीनं माझी पोटरी सोलली, ते मला घरी गेल्यावर कळलं. मी मास्तरांच्या डोक्यापलीकडे दोरावर घाव घातला. पहिल्या घावात दोर अर्धा झाला. दुसऱ्यात गेला.

आवाज बंदुकीसारखा झाला. बोट मागून उसळली आणि मी आपटले. उठून बसले तेव्हा काठ पाण्याच्या वर होता, पाणी डेकवरून ओसरत होतं आणि मास्तर गुडघ्यांवर बसून काहीतरी आत ओढत होते. निळ्या टोपीची बाई होती ती. टोपी नव्हती. उतारावरून घसरून काठाबाहेर गेली होती आणि मास्तरांनी तिला जाकिटाला धरून ठेवलं होतं, इतका वेळ, शार्कच्या तोंडावर. तिच्या एका पायात बूट नव्हता. बाकी सगळी शाबूत. ती मास्तरांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

खुंट्याशी दादा बसलेला होता. बोटं अजून तशीच. चेहऱ्याची डावी बाजू उघडी पडली होती, गालाचं हाड पांढरं दिसत होतं आणि डोळ्याच्या जागी डोळा नव्हता. मी माझा सदरा काढून त्याच्या तोंडावर दाबला. तो शुद्धीवर होता. उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. मी बडबडत होते, काय ते आठवत नाही, शिव्याच असतील. मग मास्तर आले, त्यांनी दोराचे वेढे सैल करून त्याचा हात सोडवला, दादाला मांडीवर घेतलं आणि बंदर येईपर्यंत तो सदरा दाबून बसले. मी इंजिन लावलं, मीच सुकाणू धरलं. इतकी वर्षं बोटीवर, पण सुकाणू पहिल्यांदाच. चांगलं धरता आलं, याचाही मला राग आला.

गावभर माझं नाव झालं. त्या बाईला मी वाचवलं, असं सगळे म्हणतात. काठापाशी दोर तोडला म्हणून ती आणि मास्तर वाचले, खुंट्यापाशी तोडला असता तर दोघंही गेले असते. हिशेब सोपा आहे. दोन जीव एकीकडे, एक डोळा एकीकडे. बंदराचे साहेब येऊन पाठ थोपटून गेले. म्हणाले, एवढ्या गडबडीत एवढा विचार करणं सोपं नाही. कुणी म्हणतं चाकूनं दोराचा एकेक पदर कापायचा होता, मग कुणालाच लागलं नसतं. बुडत्या बोटीवर एकेक पदर. मी त्या माणसाला दारातून हाकलून दिलं.

वहिनीसुद्धा मला बोलली नाही. मला त्याचीच भीती होती, तिनं माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं उलट मला जवळ घेतलं. म्हणाली, तुम्ही दुसरं काय करणार होतात वन्सं, त्या बाईचा जीव होता. मी मान हलवली. मास्तरही तेच म्हणत होते, रोज, मला झोप लागेपर्यंत. तू बाईकडे बघून केलंस. मी त्यांच्याकडे पाठ करून पडत होते.

दादाला बोलता यायला लागलं तेव्हा वहिनीनं निरोप पाठवला. आम्ही दोघं गेलो. मास्तर खोलीच्या दारात थांबले, आत येऊ की नको असे. निळ्या टोपीची बाई नुकतीच भेटून गेली होती, खाटेजवळ तिनं आणलेली फळं होती. दादाचं अर्धं तोंड पट्टीत. डाव्या हाताला दोन बोटं कमी. इतका आडदांड माणूस, पण त्या पांढऱ्या चादरीत लहान दिसत होता. मी नेहमीसारखी सुरुवात केली, की उशी नीट लावली नाही, की नर्सला अक्कल नाही. त्यानं वहिनीला चहा आणायला पाठवलं.

ती गेल्यावर तो म्हणाला, "सगळे म्हणतात, बाईसाठी."

मी म्हटलं, म्हणू दे.

"तू आधी खुंट्यापाशी आली होतीस. कुऱ्हाड उचलली होतीस. मग माझ्याकडे बघून खाली गेलीस."

मी खाटेजवळची फळं एकावर एक रचायला घेतली.

"खुंट्यापाशी उभं राहून काठाबाहेरची बाई दिसत नाही," तो म्हणाला. "मला माहिती आहे. मी तिथेच होतो." बोलताना त्याला दुखत होतं. "तरी तू म्हणालीस की दिसली, तर मी मानीन. पुन्हा विचारणार नाही. मास्तर येऊ देत बोटीवर. तू फक्त म्हण."

तो माझा दादा होता. वाईट वेणी घालणारा. एक शब्द मागत होता, हो, आणि त्या एका शब्दात मला सगळं परत देत होता, भाऊ, नवरा, बोट. आणि तो शब्द खोटा आहे हे त्याला माहीत होतं. मी तोंड उघडलं. जन्मभर मला जे वाटलं ते मी बोलत आले, लोकांना आवडो न आवडो, आणि त्याच्यापुढे तर कधीच काही झाकलं नाही. त्याच्या एका डोळ्याकडे बघून मला खोटं बोलता येईना.

"मला बाई दिसलीच नव्हती, दादा," मी म्हटलं. "मला मास्तर दिसले."

दारात मास्तर काहीतरी बोलले, माझं नाव घेतलं बहुतेक. मी पाहिलं नाही.

दादानं पट्टीची बाजू माझ्याकडे केली. त्या बाजूला त्याला दिसत नव्हतं. तो दाराकडे बघून बोलला, आवाज न चढवता, एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तसं नीट, मान देऊन.

"मास्तर, तुमच्या बायकोला घेऊन जा."

मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. वाटलं, तो ओरडेल, मग निवळेल. तो ओरडला नाही. वहिनी चहा घेऊन आली, तिनं तीन कप आणले होते. मास्तरांनी माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही बाहेर आलो.